टेप तू धर

दादा,

तुझी चिंधी सापडली. बोटीच्या पेटीत, पिनांच्या डबीखाली होती, आईच्या जुन्या सुती साडीची. सीझन सुरू होण्याआधी तू ती डोलकाठीला बाजूंनी धरणाऱ्या श्राउडच्या तारेवरून वरपासून खालपर्यंत फिरवायचास आणि मी कंटाळून विचारायचे, "पुसतोयस काय एवढं?" या नोव्हेंबरात मी फिरवली, तर उजव्या तारेच्या टोकाशी, जिथे ती फिटिंगमध्ये शिरते तिथेच, चिंधी अडकली. एकोणीस पदरांतला एक तुटून काट्यासारखा वर आला होता. लांबून तार नवीकोरी दिसत होती रे.

दोन्ही बदलल्या. एकच बदलली असती तर तू ऑकलंडहून ओरडला असतास.

मग खरी पंचाईत झाली. तारा नव्या, त्यामुळे तुझ्या वहीतले श्राउडच्या पट्टीवरच्या भोकांचे नंबर कामाचे राहिले नाहीत. मेनच्या हॅलयार्डला टेप बांधून वर चढवली, आधी डाव्या काठापर्यंत मोजलं, मग उजव्या. दीड सेंटिमीटरचा फरक! डोलकाठी एका अंगाला कलली होती. आठवतं, मला टेपचं टोक धरून उभं करायचास? कुलाब्याच्या तापलेल्या धक्क्यावर, अनवाणी? आकडा तू वाचायचास, वहीत तूच लिहायचास. कशासाठी, ते कधी सांगितलं नाहीस. बारा वर्षांची होते, पण कळलं असतं मला. तो राग अजून गेलेला नाही.

मामाच्या गावी मी विचारलं होतं, मचव्याची डोलकाठी पुढे झुकलेली आणि आपली मागे, असं का? "असतं तसं," म्हणालास. असतं तसं नाही, दादा. मचव्याच्या शिडाचा तो लांबलचक वासा काठीपासून मोकळा लटकायला हवा, म्हणून ती पुढे. आणि आपली निळ्या शिडांची एंटरप्राइज, जॅक होल्टने 1956 साली आखलेली, सव्वातेरा फुटांची. तिची काठी फार मागे गेली की शिडांचा जोर मागे सरकतो आणि नाळ वाऱ्याकडे वळू बघते. पहिल्या दुपारी मिडल ग्राउंडकडे जाताना टिलर माझा खांदा उपटत होता. परत आले, दोन्ही श्राउड एकेका भोकाने लांबवल्या, जिबचं हॅलयार्ड पुन्हा ताणलं. काठी जराशी पुढे आली. दुसऱ्या दिवशी, तोच वायव्येचा वारा, टिलर दोन बोटांत राहिला. किनाऱ्यावर येईपर्यंत मी एकटीच हसत होते.

काठीला पुढून धरणारा फोरस्टे लोंबतोय म्हणून मी एकदा गुपचूप आवळला होता, आणि तू एक शब्द न बोलता सोडवला होतास. तो लोंबणारच ना, सगळा भार जिबच्या हॅलयार्डची तार घेते. हेसुद्धा परवाच कळलं. वारा भरला की वाऱ्याआडची श्राउड जेमतेम सैल पडायला हवी, तेही आता हाताला कळतं. आधी मी घाबरायचे. ती हलली की काठी पडणार असंच वाटायचं.

तू फोनवर सगळ्यांची चौकशी करतोस, बोटीची करत नाहीस. का, ते मला ठाऊक आहे. आईला मी सांगितलेलं नाही.

पण नव्या तारा थोड्या ताणल्या जातात, पुन्हा मोजावं लागेल. डिसेंबरात येतोयस ना? टेप तू धर. आकडा मी वाचेन.

तुझी,
छोटी