ढवळे

आमचं आडनाव ढवळे, आणि मी रंगानं तव्याच्या बुडासारखा. हजेरीत माझं नाव आलं की पोरं हसायची. "ह्यो कुठनं ढवळा?" म्हणायची. वर्गात काळे आडनावाचा एक पोरगा होता, तो लख्ख गोरा. आम्हा दोघांना मुद्दाम शेजारी-शेजारी बसवायची.

एकदा रडतच घरी आलो. दादा गोठ्यात होते. म्हणाले, "माणूस गोरा असतो, कापड पांढरं असतं. ढवळा असतो तो बैल. ज्याच्या मानेवर आपलं घर चालतं त्याचं नाव लावतोस, त्यात लाज कसली लेका?"

धवल या जुन्या शब्दाचा ढवळा झाला, हे फार पुढं कळलं. तेव्हा एवढंच समजलं, की दावणीचा ढवळ्या आणि मी एका नावाचे. त्याच्या शेजारी तांबूस पवळ्या. म्हणीत पवळ्याला ढवळ्याचा वाईट गुण लागतो. आमच्या गोठ्यात मात्र ढवळ्याच्या संगतीनं पवळ्या शहाणा झाला होता.

१९७२ साली पावसानं दगा दिला. कडबा संपला, विहिरीचा तळ दिसला. आई-दादा दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचे, येताना सुकडी आणायचे. पवळ्या आधी विकला. मग एक दिवस ढवळ्याला घेऊन दादा बाजाराला निघाले. मी पाठोपाठ.

पावती लिहिणाऱ्यानं विचारलं, "नाव?"

"ढवळे."

"रंग मागनं सांगा हो. आधी नाव."

"नावच ढवळे."

भोवतीची माणसं हसली. त्यानं लिहून घेतलं. "हां, आता रंग?"

दादांच्या तोंडून शब्द फुटेना. नुसते बैलाकडं बघत राहिले. शेवटी मीच म्हणालो, "ढवळा."

परत येताना ढवळ्याची घुंगुरमाळ दादांच्या हातात होती. वाजू नये म्हणून त्यांनी ती मुठीत घट्ट आवळली होती. वाटेत आम्ही दोघंही बोललो नाही.

त्यानंतरही पोरं चिडवायची. पण मी कधी रडलो नाही.

आता नातू शहरात शिकतो. परवा रंगपेटी पुढ्यात घेऊन त्यानं विचारलं, "आजोबा, आपलं आडनाव म्हणजे यातला कुठला रंग?" म्हटलं, "पांढराच बाबा, पण बैलाचा." त्याला काही उमगेना. त्यानं बैल जवळून पाहिलेलाच नाही. मग खुंटीवरची माळ काढली आणि बाजाराची गोष्ट त्याला पहिल्यापासून सांगत बसलो.