निबंध कुणाचा?

आमच्या धर्मग्रामातील मराठी माध्यमाची मुले बारावीपर्यंत निबंध पाठ करतात आणि महाविद्यालयात पाऊल ठेवताच त्यांना स्वतःच्या मनातले, तेही इंग्रजीतून, लिहावयास सांगितले जाते. मग दारावर टकटक होते. "फादर, एवढे जरा लिहून द्या ना." लिहून देणे आम्हांस कठीण नाही, अर्ध्या तासाचे काम. परंतु त्या अर्ध्या तासाचे गुण मात्र आमचे असतील.

गेल्या वर्षी धर्मग्रामातील एका मुलीच्या महाविद्यालयात एक बाई आठवड्यातून दोन दुपारी केवळ मुलांच्या लेखनासाठी बसू लागल्या. अमेरिकेत ही प्रथा जुनी आहे. पर्ड्यू विद्यापीठात १९७६ पासून लेखनाची प्रयोगशाळाच चालते. आपल्याकडे अशी सोय विरळा. मुलीची आई धुणीभांडी करते. ती धास्तावली. "फादर, शिकवणी म्हटली की पैसे आले. शिवाय आपली पोर मंद आहे, असं कॉलेजात होणार." पैसे नव्हतेच, दुसरी भीती मात्र खरी होती. मुलगी जाणे बंद करण्याच्या बेतात होती.

आम्ही तो निबंध पाहिला. विषय १९६१ चा पानशेतचा पूर. निसर्गापुढे मानव हतबल, वगैरे ठरीव वाक्ये. बाईंनी एकही वाक्य खोडले नव्हते. समासात पेन्सिलीने तीन प्रश्न होते: त्या दिवशी तुझी आजी कुठे होती? तिने घरातून काय उचलले? हे तुला कुणी सांगितले? मुलीने घरी जाऊन विचारले. आजीने भांडी सोडून मुलांचे बाप्तिस्म्याचे दाखले पदरात बांधून नेले होते, हे घरात आजवर कुणालाच ठाऊक नव्हते! दुसऱ्या खेपेच्या निबंधात इंग्रजी अडखळतच होते, पण त्यात ती आजी होती. आईला आम्ही दोन्ही कागद वाचून, अर्थ सांगून दाखविले. मुलगी पुढेही जात राहिली.

मदत घेण्यात कमीपणा मानणाऱ्यांना आम्ही येरवड्याच्या मध्यवर्ती कारागृहाकडे बोट दाखवितो. गांधीजी तेथे १९२२ ते १९२४ या काळात बंदिवान होते. दक्षिण आफ्रिकेतील सत्याग्रहाच्या इतिहासाची पहिली तीस प्रकरणे त्यांनी तेथेच तोंडी सांगितली आणि इंदुलाल याज्ञिकांनी ती उतरून घेतली. आत्मकथा मूळ गुजराती, इंग्रजी भाषांतर महादेव देसाईंचे. १९४० च्या आवृत्तीसाठी ते भाषेच्या दृष्टीने एका थोर जाणकाराने तपासले आणि आपले नाव छापता कामा नये, अशी अट आधीच घातली. महादेवभाईंनी ती अट प्रस्तावनेत नमूद केली आणि पाळलीही. तरी ग्रंथ कुणाचा, असा प्रश्न कुणी विचारीत नाही. आठवणी गांधीजींच्या, जबाबदारीही त्यांचीच.

उसनवारीवर कायदाही आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार प्रबंधातील साम्य १० टक्क्यांपर्यंत असल्यास दंड नाही; ६० टक्क्यांवर गेल्यास नोंदणीच रद्द होते. आता तर चॅटजीपीटीसारखी साधने क्षणात निर्दोष इंग्रजी लिहून देतात. आजीने काय उचलले, हे मात्र त्यांना कुणीतरी सांगावे लागते. (आमच्या गुरुविद्यालयातील प्रवचनांचे प्राध्यापक आमचा कागद वाचून फक्त "म्हणजे काय?" एवढेच विचारीत. आम्हांस तेव्हा ते फार त्रासदायक वाटत.)

धर्मग्रामात निवृत्त शिक्षक बरेच आहेत. शनिवारी धर्मशिक्षणाचा वर्ग सुटल्यावर सभागृहातील लांब टेबल मोकळे असते. इंग्रजी फार चांगले हवे असे नाही. प्रश्न विचारण्याची आणि उत्तराची वाट पाहण्याची तयारी हवी. पेन्सिली आम्ही आणून ठेवल्या आहेत. वह्या आणि पेन मुलांनी आपापले आणावे.