बोर्दो आणि अळणी मटण

धाकट्याने फ्रान्सहून मेदोकची २०१६ ची बाटली आणली. नरसिंहपूरला गावातल्या घरी, कुलदैवताच्या सावलीत आमच्याकडे मटणसुद्धा शिजत नाही, तिथे बाटली कोण उघडणार? सगळे शेतातल्या वस्तीवर जमलो.

मेदोक हा बोर्दोचाच भाग. तिथलं मुख्य द्राक्ष काबर्ने सोविन्याँ, जाड सालीचं. (नीरेपलीकडे अकलूजच्या बाजूला फ्राटेलीच्या बागांतही ते पिकतं, हे फ्रान्सरिटर्न भावाला मीच सांगितलं!) सालीतल्या टॅनिनमुळे नुसती वाइन तोंडाला कोरड पाडते. मटणाची चरबी, प्रथिनं सोबत असली की तीच मऊ लागते. मी मात्र काळ्या मसाल्याच्या रश्श्यावर घोट घेतला आणि कानातून धूर निघाला. अल्कोहोलने तिखटाची आग वाढते. असो.

गेल्या वर्षीच्या ऑपरेशनपासून आप्पांना तिखट बंद. मसाला पडायच्या आधी काढलेलं अळणी मटण, फक्त हळद, मीठ, आलं-लसूण, ते चुलीपाशी एकटेच खातात. त्यांच्या पंगतीला कुणी नसतं.

धाकटा ताट घेऊन उठला. "आप्पा, सरका जरा."

अळणी मटणाचा तुकडा, वर घोट. त्याने नुसती मान डोलावली. मग मीही तिकडेच सरकलो. आप्पा पीत नाहीत, पण ग्लास नाकाशी धरून म्हणाले, "जांभळावाणी वास हाय की रं."

तिखट रस्सा पातेल्यात तसाच राहिला. आई ओरडली, "अळणी सगळं संपवलंत व्हय? आता ह्यांना रात्रीला काय वाढू?"