मोतीच्या बरगड्या

'जगात जर्मनी, भारतात परभणी' असं आम्ही छाती पुढं काढून म्हणतो. पण आमच्या घरी आलेलं पिल्लू काही जर्मनीचं नव्हतं. ते वसमत रोडवरचं अस्सल गावठी, वय अंदाजे दोन महिने. नाव ठेवलं मोती. आमच्या कृषी विद्यापीठाच्या एका ज्वारीच्या वाणाचं नाव 'परभणी मोती' आहे. तेव्हा भाकरी आणि ती खाणारा, दोघंही एकाच नावाचे झाले.

मी शिस्तीचा माणूस. (निदान दुसऱ्यांच्या बाबतीत.) दुसऱ्याच दिवशी तक्ता करून फ्रिजवर चिकटवला: तीन महिन्यांपर्यंत दिवसातून चार वेळा, सहा महिन्यांपर्यंत तीन वेळा, पुढं दोन वेळा. दर खेपेला एक लहान वाटी. खाली सहीसुद्धा ठोकली. तो तक्ता घरात माझ्याशिवाय कुणीच वाचलेला नाही, हे पंधरा दिवसांनी कळलं.

तोवर मोतीचं पोट माठासारखं झालं होतं. पाय मात्र काडीसारखेच. चालताना आधी पोट यायचं, मागून मोती. मग जुलाब सुरू झाले आणि एका सकाळी तो वाटीकडं ढुंकूनही न बघता पायरीखाली जाऊन पडला. सगळ्यांची तोंडं उतरली. टोपलीत घालून त्याला डॉक्टरांकडं नेलं.

"किती वेळा खायला घालता?"

"चार," मी ताठ मानेनं सांगितलं.

"तुम्ही चार. आणि बाकीचे?"

मग एकेक कबुलीजबाब बाहेर आला. आमची ही सकाळी 'भांड्याला लागलेली' साय द्यायची. चिरंजीव शाळेतून आले की बिस्किटं. शेजारच्या काकूंची कुंपणावरून पोळी. आणि आई, आम्ही दुपारी लवंडलो की, दुधात भाकरी कुस्करून. हिशेब आठावर गेला!

डॉक्टरांनी जंताचं औषध दिलं. अंगावरचं दूध तुटलं की पुष्कळ पिल्लांना दूध नीट पचत नाही, हे सांगितलं. कांदा, लसूण, मनुका, चॉकलेट बंद. वाढत्या अंगाला उकडलेलं अंडं चालू. (आमच्या घरात अंड्याचा प्रवेश परसदारानं झाला, ती कथा वेगळी.) शेवटी त्यांनी माझा हात धरून मोतीच्या कुशीवर फिरवला. "वाटी राहू द्या, बरगड्या बघा. बोटांना लागल्या पाहिजेत, पण डोळ्यांना मोजता येऊ नयेत."

घरी आल्यावर मी आईला आणखी ज्ञान दिलं. अमेरिकेत 48 लॅब्राडॉर कुत्र्यांवर प्रयोग झाला, 2002 साली तो छापून आला. निम्म्यांना जन्मभर चतकोर कमी खायला घातलं, तर ती जवळजवळ दोन वर्षं जास्त जगली.

"चतकोर कमी?" आई म्हणाली. "ज्यानं हे केलं त्याला आई नव्हती का रे?"

मी हसलो. ती हसली नाही. संध्याकाळी मोतीजवळ बसून आपणहोऊन बोलायला लागली. "बहात्तरच्या दुष्काळात मी बारा वर्षांची होते. कामावर सुकडी मिळायची, तेवढ्यावर दिवस काढायचा. आमचं कुत्रं दारात बसून नुसतं हाताकडं बघायचं. आमचंच भागंना, त्याला काय घालावं? एक दिवस उठून गेलं, ते आलंच नाही."

मी काही बोललो नाही. रात्री तक्ता काढला.

आता सकाळी मोतीचं दिवसभराचं खाणं एका डब्यात काढून ठेवतो. कुणाला माया आली तर ती त्या डब्यातूनच आली पाहिजे. डबा आईच्या ताब्यात. तेव्हापासून चिरंजीवांची बिस्किटं बंद आहेत आणि काकूंची पोळी डब्यात जमा होऊन तेवढी भाकरी कमी होते. त्यातलाच एक तुकडा आई बाजूला ठेवते आणि दिवेलागणीला पायरीवर बसून स्वतःच्या हातानं भरवते. "हे जास्तीचं बरं का," असं त्याला सांगते. मोतीला हिशेब येत नाही, ते बरं आहे.

दर रविवारी बरगड्यांची तपासणी असते. गेल्या रविवारी मोती पास झाला. मी शेजारीच बनियनवर पेपर वाचत बसलो होतो. आईनं तोच हात माझ्या कुशीवर फिरवला, पुन्हा एकदा फिरवला.

"याच्या लागतात," ती म्हणाली. "तुझ्या कुठं गेल्या?"

रात्री ताटात भाकर आली, ती चतकोर कमी.