आक्काला जपानहून

निशिकासाई, टोकियो
१३ डिसेंबर, रात्री

ती. आक्का,
सा. न. वि. वि.

सुखरूप पोचलो, हे कळलंच आहे तुला. फोनवर नीट ऐकू येत नाही आणि कागद पुन्हा पुन्हा वाचता येतो म्हणालीस, म्हणून ठळक अक्षरात लिहिते आहे. गुडघ्याला तेल लावतेस ना? गच्चीवरच्या टाकीचं काम झालं का?

इथली थंडी आपल्या सोलापूरसारखी नाही. ऊन लख्ख पडतं, आभाळ निळंशार असतं आणि त्याच उन्हात उभं राहिलं तरी कान ठणकतात. माझ्या कुलूच्या कोटाची चेन विमानतळावरच तुटली. दोन दिवस ह्यांची शाल गुंडाळून हिंडते आहे.

चिरंजीवांच्या घराच्या आसपास आपली मंडळी पुष्कळ. तूरडाळ, हिंग, कढीपत्ता सगळं चालत जाऊन मिळतं. बाहेर मात्र खाण्याचे हाल आहेत. नुसत्या भाजीच्या रश्श्यातसुद्धा माशाचं पाणी असतं. आज भूक अगदी अनावर झाली तेव्हा सूनबाईनं बाजारातून भाजलेलं रताळं आणून दिलं. जांभळी साल, आत पिवळंधमक, कडेनं पाक सुटलेला. आधी दोन्ही हातांत धरून हात शेकले आणि मग सालीला चिकटलेलंसुद्धा खरवडून खाल्लं. आजी एकादशीला चुलीच्या राखेत पुरून ठेवायची, तीच चव. एवढ्या लांब येऊन ती भेटली, म्हणून डोळ्यांत पाणी आलं.

उद्या कोट घ्यायला जायचं आहे. डोळे मिटताहेत, थांबते.

तुझी धाकटी


निशिकासाई
१५ डिसेंबर

ती. आक्का,
सा. न. वि. वि.

काल दुकानात जे झालं ते तुला सांगितल्याशिवाय झोप लागणार नाही.

दारातून आत गेलो आणि चारी बाजूंनी मुलींनी मोठ्यानं स्वागत केलं. मी हात जोडून नमस्कार केला. कोणी पाहिलंसुद्धा नाही. सूनबाई म्हणाली, त्याला उत्तर द्यायची इथं पद्धत नाही. नंतर कोणी जवळ आलं नाही. गिऱ्हाइकाच्या मागेमागे न फिरणं हाच इथला मान म्हणे. मला मात्र परक्या घरात शिरल्यासारखं वाटत होतं. आपल्याकडे गादीवर टेकावं, शेठनी "काय वहिनी, बऱ्याच दिवसांनी?" म्हणावं, पोऱ्यानं चहा आणावा आणि समोर साड्यांचा ढीग पडावा. इथं कापडाविषयी बोलणारं माणूसच नाही. भाव चिठ्ठीवर छापलेला, त्याखाली दहा टक्के कर धरून दुसरा आकडा. तो कमी होत नाही की वाढत नाही.

राखाडी रंगाचा एक लांब कोट आवडला. घालून बघायच्या खोलीपाशी चपला काढायला सांगितल्या. आत गालिचा होता. देवघरात जावं तशी गेले. तिथं पांढऱ्या, विरविरीत कागदी कापडाच्या पिशव्या ठेवलेल्या होत्या. कपडा डोक्यावरून घालताना चेहऱ्याची पावडर, ओठांचा रंग त्याला लागू नये म्हणून ती पिशवी तोंडावरून घ्यायची. पुढच्या गिऱ्हाइकाची किती ही काळजी! मीही ती घेतली. त्या पांढऱ्या पडद्याआड स्वतःचाच श्वास ऐकू येत होता. पिशवी काढली, कोटात हात घातला, तर बाही दंडाशीच अडली. त्यांच्याकडच्या बायकांच्या मापातलं ते सगळ्यांत मोठं माप होतं.

बाहेर येऊन खुणेनं विचारलं, याहून मोठा आहे का? त्या मुलीनं माझ्याकडे पाहिलं आणि दोन्ही हात छातीशी आणून त्यांची फुली केली. बास. "नाही हो" नाही, "दुसरा दाखवते" नाही. माझ्या तोंडावर फुली. आक्का, गणिताच्या वहीत चुकीच्या उत्तरावर मारतात तशी ती माझ्या अंगावरच मारली असं वाटलं मला. तीन बाळंतपणं झालेलं, साठ वर्षं राबलेलं हे शरीर. त्याचं असं काय चुकलं?

शेवटी ह्यांनी पुरुषांच्या मजल्यावरून एक कोट आणला. तो बसला. पैसे हातात द्यायचे नसतात, समोरच्या छोट्या तबकात ठेवायचे. पारपत्र दाखवलं तेव्हा पाहुणे म्हणून कर माफ झाला, तेवढा वाचला. ऊब चांगली आहे. तरी रात्री जेवले नाही. आपला शिंपी आठवत राहिला. टेप गळ्यात अडकवून म्हणायचा, "दोन बोटं सैल ठेवतो, काळजी करू नका."

तुझी धाकटी


क्योतो
२१ डिसेंबर

ती. आक्का,
सा. न. वि. वि.

रेल्वेनं सव्वादोन तासांत इथं आलो. सोन्याचं देऊळ पाहिलं, फोटो पाठवलेत. लिहायचंय ते आजच्या बाजाराचं.

तोजी नावाचं बुद्धमंदिर आहे. कोबो दाइशी हे त्यांचे मोठे संत, त्यांचं देहावसान २१ तारखेला झालं म्हणून दर महिन्याच्या २१ तारखेला मंदिराच्या आवारात बाजार भरतो. डिसेंबरचा हा वर्षातला शेवटचा, म्हणून गर्दी लोटलेली. लोणची, रोपटी, विळे, जुनी भांडी, धुपाचा वास. सिद्धेश्वराच्या जत्रेत, गड्ड्यात गेल्यासारखं वाटलं आणि दहा दिवसांत पहिल्यांदा मोकळा श्वास घेतला.

एका कडेला जुन्या किमोनोंचे ढीग होते. एकेक हजार येन, म्हणजे साधारण सहाशे रुपये. गाठोड्यावर बसलेली बाई तुझ्याच वयाची असेल. मी नुसता हात लावला. निळं सुती कापड, त्यात पांढरे बारीक ठिपके. ती उठली, माझा कोट काढून सूनबाईच्या हातात दिला आणि स्वेटरवरूनच तो किमोनो माझ्या खांद्यावर टाकला. मी म्हणाले, "मला नाही बसायचा." सूनबाईनं ते सांगितलं. म्हातारी हसली. उजवी बाजू आत घेतली, डावी तिच्यावर ओढून आणली, कमरेशी जास्तीचं कापड घडी करून वर खोचलं आणि दोरी बांधली. आक्का, तो बसला! माप घेतलं नाही, चिठ्ठी पाहिली नाही. तू मला पहिल्यांदा नऊवारी नेसवलीस तेव्हा असेच तुझे हात कमरेभोवती फिरले होते.

मग सूनबाईला मध्ये ठेवून तिनं पुष्कळ सांगितलं. किमोनोचं कापड साधारण बारा मीटर लांब आणि जेमतेम दीड वीत रुंद विणतात. त्याच्या सरळ पट्ट्या कापायच्या. गळ्याला, मुंढ्याला गोल कात्री लावायची नाही, म्हणून कापड वाया जात नाही. टाके हाताचे. मळला की टाके उसवून पट्ट्या पुन्हा जोडायच्या, धुवायच्या, ताणून वाळवायच्या आणि परत शिवायचा. बाई जाड झाली तर आडवं कमी लपेटायचं, उंच असली तर कमरेशी कमी खोचायचं. आईचा लेकीला, लेकीचा नातीला. डावी बाजू नेहमी वर घ्यायची, उजवी वर फक्त मेलेल्या माणसाची. माझा पुरुषी कोटही डावीकडूनच उजवीवर येतो, हे तिनं कोट परत घालताना बोटानं दाखवलं आणि मान डोलावली. त्या मानेनं माझ्या मनातली फुली निम्मी पुसली गेली.

रात्री चिरंजीवांशी बोलले. तो म्हणाला, अशा कोट-पँटीला इथं योफुकु म्हणतात, म्हणजे पाश्चात्त्य कपडे, आणि त्यांच्या स्वतःच्या कपड्यांना वाफुकु. १८७२ मध्ये सरकारनं दरबारी समारंभांसाठी पाश्चात्त्य पोशाख ठरवला आणि हळूहळू तो सगळीकडे शिरला. म्हणजे ज्या मापानं मला बाहेर काढलं ते या लोकांच्या आज्यांचंही नव्हतं. त्यांचं कापड तुझ्या लुगड्यासारखंच, अंग बघून आखूड-लांब होणारं.

हातांच्या फुलीचंही विचारलं. तिचा अर्थ एवढाच की "नाही" किंवा "शिल्लक नाही". दुकान बंद असलं, गाडी सुटली, तरी हीच खूण करतात. अपमान त्यात नसतो.

पाय फार दुखताहेत. किमोनो तुझ्यासाठी घेतला आहे.

तुझी धाकटी


निशिकासाई
२४ डिसेंबर

ती. आक्का,
सा. न. वि. वि.

हे शेवटचं पत्र, कदाचित मी परतल्यावरच पोचेल. आज ह्यांचे मोजे घ्यायला पुन्हा त्याच दुकानात गेले. बाहेर पाऊस होता. तीच मुलगी होती. मोज्यांची कागदी पिशवी भिजू नये म्हणून तिनं वरून प्लॅस्टिकचं आवरण घातलं, काउंटरमागून बाहेर आली, दारापर्यंत पिशवी स्वतः धरली, दोन्ही हातांनी दिली आणि मी वळेपर्यंत वाकून उभी राहिली. तिच्यावर दहा दिवस राग धरला, ते चुकलं माझं. तिनं मला कमी लेखलं नव्हतं. तिच्याजवळ माझ्या मापाचं कापड नव्हतं, इतकंच. आपल्या गावातही आता पोरी तयार कपड्यांच्या दुकानातून अशाच रडवेल्या होऊन बाहेर येतात. त्यांना कोणी सांगत नाही की माप दुकानाचं असतं, अंगाचं नसतं. तू नातीला हे सांग. ती तुझं ऐकते.

तुझा किमोनो बॅगेत सर्वांत खाली, ह्यांच्या सदऱ्यांमध्ये ठेवला आहे. घालणार नाहीस, हे मला माहीत आहे. त्याची दुपटी करायची म्हणशील. कर. पण सावकाश टाके उसवून पट्ट्या वेगळ्या कर. कात्री लावू नकोस.

तुझी धाकटी