खाच

आमचे मन्नाएखेळ्ळी हैदराबाद-सोलापूर रस्त्यावर. समुद्र येथून कोणत्याही दिशेने दूरच. तरी आमचा एक माजी विद्यार्थी मुंबईतल्या कचेरीत बसून संगणकावर जहाजांच्या सांगाड्याचे आराखडे करतो. दिवाळीला तो गावी आला तेव्हा त्याच्या वडिलांनी मला मुद्दाम बोलावून घेतले. वडील सुतार. दारे-खिडक्या तयार मिळू लागल्यापासून हाताला काम थोडेच. म्हणाले, "गुरुजी, हा दिवसभर करतो तरी काय, तुम्हीच विचारा. मला सांगताना निम्मं इंग्रजीच बोलतो."

मुलाने पडद्यावर जहाजाच्या पोटातली एक पोलादी भिंत दाखवली. तिच्या कडेला जागोजाग कापलेले. कोठून जहाजाच्या लांबीभर जाणारी पट्टी आरपार जाते, कोठे वेल्डिंगचा सांधा न तुटता पुढे जावा म्हणून जागा सोडलेली, कोठे तळाचे पाणी वाहून जावे म्हणून. नेहमीचे आकार संगणकात तयार असतात. त्रिज्या सांगितली की झाले. पट्टी वेगळ्या घडणीची आली की मात्र आकार स्वतः रेखाटावा लागतो. रेघ बंदिस्त हवी आणि कडेच्या किंचित बाहेर न्यावी, नाहीतर कडेवर केसाएवढा पत्रा शिल्लक दिसतो. मग तो आकार कडेलाच बांधायचा. उद्या आराखड्यात कड सरकली तर तोही सरकला पाहिजे.

"म्हणजे खाच की!" वडील म्हणाले. "कटआउट-कटआउट काय लावलंय मघापासनं?"

मुलगा हसला. हा शब्द त्याने लहानपणापासून ऐकलेला; पण घरातले शब्द कामाच्या जागी चालत नाहीत, असे आमच्या दुभाषी भागातली मुले फार लवकर ठरवून टाकतात. शाळेत आम्हीही त्यांना दुसरे काही फारसे सांगत नाही.

वडील पडद्याजवळ सरकले. "कोपरा गोल ठेवलास, बरं केलंस. चौकोनी कोपऱ्यातनं लाकूड चिरतं. आम्ही आधी गिरमिटानं भोक पाडतो, मग करवत."

हेच मुलगा कॉलेजात शिकला होता. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने 2,700 हून अधिक 'लिबर्टी' जहाजे वेल्डिंगने जोडून बांधली. त्यांतल्या कित्येकांना तडे गेले. थंड पाण्यात ते पोलाद ठिसूळ होई. तडा बहुधा डेकवरील चौकोनी दाराच्या कोपऱ्यात सुरू होई आणि अखंड जोडलेल्या पत्र्यातून धावत जाई. पुढे ते कोपरे गोल केले.

"पण खाच एवढी खोल घेतल्यावर भिंतीला जोर राहील काय?" वडिलांनी विचारले.

"जिथं राहत नाही, तिथं वरून एक तुकडा जोडतो, अप्पा."

"ठिगळ?"

"ठिगळच."