तीन रंगांच्या वायरी

टीव्हीच्या मागे हात घालायचा म्हटले की आपण बायका मागे सरतो. "ते पोरांचे काम," म्हणतो. पण विहिरीवरची मोटर आपणच चालू करतो, फवारणीच्या पंपाचा नोझलही साफ करतो. मग या वायरींनीच आपले काय घोडे मारले आहे?

आमच्या धाकट्या भाऊजींचे लग्न १९९१ साली झाले. त्याची व्हिडिओ कॅसेट घरात होती. मामंजी पुढे चार वर्षांनी वारले. त्यांचे फोटो आहेत, पण आवाज आहे तो त्या कॅसेटमध्येच. आत्याबाईंची नजर आता अधू झाली आहे. "एकदा ऐकव गं," असे त्या वर्षभर म्हणत होत्या. तालुक्याच्या दुकानात विचारले, तर "आता हे कोण बघतंय?" म्हणून वाटेला लावले. व्हीसीआर नवा मिळत नाही. जपानच्या फुनाई कंपनीनेसुद्धा २०१६ साली तो बनवणे थांबवले. शेवटी माहेरच्या माळ्यावरचा आणला आणि स्वतःच जोडला.

काम सोपे आहे. आधी दोन्हींचे प्लग काढावेत. पिवळी वायर चित्राची, पांढरी डाव्या बाजूच्या आवाजाची, लाल उजव्या बाजूच्या. रंगाला रंग जुळवायचा. जुन्या मशीनला आवाजाचे एकच सॉकेट असेल, तर पांढरी लावावी. विहिरीचे पाणी पाटात येते, पाटाचे विहिरीत चढत नाही, तसेच इथे. व्हीसीआरच्या 'आऊट'मधून निघालेली वायर टीव्हीच्या 'इन'मध्ये गेली पाहिजे. मग रिमोटवरचे 'सोर्स' किंवा 'इनपुट' बटण दाबून 'एव्ही' निवडायचे. एवढे राहिले तर वायरी बरोबर असूनही चित्र येत नाही, आणि माणूस मशीनला दोष देतो.

काही टीव्हींना पिवळे सॉकेट वेगळे नसते. हिरव्यातच पिवळी पिन लावायची असते. तसे टीव्हीवर लिहिलेले असते. फक्त चपटे 'एचडीएमआय' सॉकेट असेल, तर नुसती वायर चालत नाही. २००२ सालानंतर आलेली ही पद्धत निराळी. एकाच वायरीतून चित्र आणि आवाज दोन्ही नेते. जुन्या मशीनसाठी मध्ये विजेवर चालणारी कन्व्हर्टरची डबी बसवावी लागते.

आणखी एक. कॅसेटच्या खिडकीतून पांढरी बुरशी दिसली, तर ती मशीनमध्ये घालू नये. जाणकाराकडून आधी साफ करून घ्यावी. ओलीने फीत खराब होते, आणि गेलेली फीत परत येत नाही.

आमच्या कॅसेटमध्ये मामंजी पंगतीत ओरडत होते, "अरे, पाहुण्यांना वाढा, हात आखडू नका!" आत्याबाईंनी पदर तोंडाला लावला. थोड्या वेळाने म्हणाल्या, "आवाज तसाच आहे गं."

दुसऱ्याच दिवशी ती कॅसेट पेनड्राइव्हवर उतरवून घ्यायला दिली. तुमच्या ट्रंकेत अशी एखादी असेल, तर या पावसाळ्याआधी बाहेर काढा.